ब्रेक कुणाच्या हातात?

विमान म्हटलं की सगळ्यांची नजर वर जाते. माझी मात्र चाकांकडे जाते. आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचाच हा गुण असावा! इथे गल्लीत दोन-चार जण तरी ब्रेक नाहीतर बेअरिंगच्या कामावर जाणारे असतातच.

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. कौतुक झालं ते उड्डाणाच्या जिद्दीचं, आणि ते योग्यच. पण उडालेलं विमान उतरायचं कशावर? चाकांवरच ना!

अशा छोट्या विमानांत सहसा डाव्या आणि उजव्या चाकाला वेगवेगळा ब्रेक असतो. एकच दाबला की विमान जमिनीवर त्या बाजूला वळतं. म्हणजे एक निकामी झाला, तर विमान धावपट्टी सोडून भलतीकडेच जायचं. ब्रेकच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर पेडल मऊ लागतं, पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. लाल खनिज तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये मोटारीचं ब्रेक ऑइल ओतलं, तर आतले रबरी सील खराब होतात. उतरतानाचा दणका सोसतो तो अ‍ॅक्सल. तो जरा वाकला की टायर एका कडेने झिजू लागतो. आणि नटातली स्प्लिट पिन एकदा काढली की फेकायची, नवीच घालायची. दहा-वीस रुपये वाचवायला गेलं की जीवाशी गाठ!

आता सांगा, यात दंडातली ताकद कुठे लागते? वजन उचलायला जॅक असतो. लागतं ते लक्ष. ‘बायका जात्याच निगुतीच्या’ असलं गोडगोड मी म्हणणार नाही. निगुत शिकवली की येते, मुलीला आणि मुलालाही.

१९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत, असं छापलं होतं. सुधा मूर्ती यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि नोकरी मिळवली. २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात दीड हजार महिला मोटारींची जुळणी करत होत्या. केवढी मोठी मजल!

पण मैत्रिणींनो, जुळणी मिळाली, दुरुस्तीचं काय? तुमच्या गावच्या गॅरेजात चाक खोलून बसलेली बाई पाहिलीत कधी? दिवसभर कारखान्यात ब्रेक बसवणाऱ्या पोरीला घरी मात्र ‘स्कूटीला हात लावू नकोस, दादा बघेल’ असं ऐकावं लागतं.

विमानाची दुरुस्ती झाली की काय केलं ते नोंदवहीत लिहून सही करायची असते. ‘हे मी तपासलंय, जबाबदारी माझी’ असा त्या सहीचा अर्थ. आपल्याला हवी आहे ती ही सही. म्हणून आयटीआयचे अर्ज निघतील तेव्हा लेकीला शिवणकामाबरोबर मोटार मेकॅनिकचा रकानाही दाखवा. आणि या रविवारी स्कूटीचा ब्रेक तिलाच तपासू द्या. दादा पाना धरून शेजारी उभा राहील!