आकार जुळला म्हणजे टायर जुळला नाही



‘आकार जुळला की दुचाकीला कोणताही टायर चालतो’ हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच मान्य नाही. माझ्या भाच्याच्या गाडीला एका दुकानदाराने पुढे नवा रेडियल टायर बसवला आणि मागचा जुना बायस तसाच ठेवला. मृगाच्या पहिल्या सरीत सिमेंट रस्त्याच्या वळणावर मागचे चाक सरकले. मनगट मोडले, हेल्मेट होते म्हणून जीव वाचला. पावसाचा वाटा होताच, पण वळताना गाडी डोलते हे तो आधीपासून सांगत होता.

बायस टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात, त्यामुळे त्याची बाजू ताठ असते. रेडियलचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. बाजू लवचिक राहते. वळणावर दोन्ही वेगळ्या तऱ्हेने दबतात.

यामाहा एफझेडला पुढे बायस आणि मागे रेडियल येतो, हे लेखकांचे उदाहरण खरे आहे. पण ती जोडी कंपनीने त्या गाडीसाठी तपासून ठरवलेली आहे. दुकानात लागलेल्या उलट्या जोडीला तो दाखला कसा चालेल?

१४०/६० आर १७ आणि १४०/६०-१७ यांत फरक त्या एका ‘आर’चा, म्हणजे रेडियलचा. पैसे देण्यापूर्वी तो वाचा. टायरच्या बाजूवरचे तारखेचे चार आकडेही पाहा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नागपूरच्या उन्हाळ्यात पडून राहिलेले जुने रबर ताठरते, मग नक्षी कितीही खोल दिसो.

भाच्याच्या गाडीला आता माहितीपुस्तिकेत दिलेलेच दोन्ही टायर आहेत.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर