मेंदीच्या पानात दडलंय काय?



पंचमी म्हटलं की आपल्या परतुरात झोके आणि मेंदी आलीच! आज मेंदीचीच गोष्ट सांगते. त्यात माझी एक चूकही आहे.

माझ्या वर्गातली एक मुलगी पंचमीच्या दुसऱ्या दिवशी धावतच आली. “बाई, बघा ना, कशी काळीभोर रंगलीय! अर्ध्या तासात!” मी कौतुक केलं, सगळ्या वर्गाला तिचे हात दाखवले. आठवडाभरात त्याच नक्षीच्या रेघांवर फोड उठले. बिचारीला पेन्सिलसुद्धा धरता येईना. मला फार वाईट वाटलं. हिरव्या पानातून काळा रंग आला कसा, हे मी आधी विचारायला नको होतं का?

ती बरी झाल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून पानांचीच तपासणी केली. तुम्हीही करून पाहा.

सावलीत वाळवलेली मेंदीची पानं कुटून कोमट पाण्यात चार तास भिजवा आणि पाणी गाळून घ्या. ते तीन ग्लासांत ओता. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबू पिळा, रंग फिका होईल. तिसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, रंग गडद नारिंगी-तांबूस होत जाईल. मेंदीतलं मुख्य रंगद्रव्य असंच वागतं. त्याचं नाव लॉसोन. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. मेंदीच्या झाडाचं शास्त्रीय नाव लॉसोनिया. आयझॅक लॉसन नावाच्या डॉक्टरांवरून ते पडलं.

आता थोडं गाळलेलं पाणी रात्रभर गंजक्या खिळ्यावर ओतून ठेवा. सकाळी ते काळपट दिसेल. पानात टॅनिन नावाची तुरट द्रव्येही असतात, ती लोखंडाशी मिळून काळी पडतात. केसांची मेंदी आजी लोखंडी कढईत का भिजवते, ते कळलं ना?

मग पानाचा हिरवा रंग कुठे गेला? ताजी पानं थोड्या स्पिरिटमध्ये ठेचा. (मोठ्या माणसाला सोबत घ्या, आणि जवळपास विस्तव नको!) तो रस खडूला खालून एक बोट वर गोल लावा. वाटीत अगदी थोडं स्पिरिट घेऊन खडू उभा करा. रसाची रेघ मात्र बुडू देऊ नका. स्पिरिट वर चढतं तसे हिरवे-पिवळे पट्टे वेगळे होऊ लागतात. त्स्वेत नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांचे रंग खडूच्या भुकटीतूनच वेगळे केले होते! आज मोठ्या प्रयोगशाळांतली यंत्रं याच युक्तीने पानातली द्रव्ये ओळखतात.

पण एक लक्षात ठेवा. रंग बदलला म्हणजे लॉसोन सिद्ध झालं असं नाही. ती नुसती खूण. एकाच द्रव्याकडे बोट दाखवणाऱ्या अनेक खुणा जमल्या, की मग शास्त्रज्ञ नाव घेतात.

आमच्या तपासणीत हातावर काय उमटलं? आधी केशरी, दुसऱ्या दिवशी तांबूस-तपकिरी. काळं नाही! अर्ध्या तासात काळी होणाऱ्या मेंदीत बहुतेक वेळा पॅरा-फेनिलीनडायअमीन हे केस काळे करायचं रसायन मिसळलेलं असतं. त्याने फोड येऊ शकतात. एकदा त्याची ॲलर्जी जडली, की पुढे केसांचा रंगही बाधतो.

पालकांनो, कोनावर काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर तो परत ठेवा. हातावर आग झाली तर लगेच धुऊन डॉक्टरांकडे न्या.

यंदा त्याच मुलीने घरच्या पानांची मेंदी वाटून आणली आणि माझ्या हातावर एक ठिपका काढला. “बाई, काळी नाही होणार हं,” म्हणाली. मला तो केशरी ठिपकाच जास्त आवडला.

जाता जाता एक कोडं : तळहातावर मेंदी गडद रंगते आणि हाताच्या पाठीवर फिकी. असं का? विचार करा, उत्तर पुढच्या अंकात!

तुमच्या बाई