तेलातले पाणी : शास्त्र की भूलथाप?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाच्या इंधनावर लेखणी उचलावी, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्याच्या घरी विहिरीवर डिझेल इंजिन आहे, त्याला हा विषय परका नाही. आमच्या आबांनी एका हिवाळ्यात रस्त्याकडेला पिंपातून विकले जाणारे स्वस्त 'बायोडिझेल' आणले. दोन दिवस इंजिन चालले, तिसऱ्या दिवशी भकभक पांढरा धूर ओकून बंद पडले. फिटरने पंप उघडला तर आत गंज आणि तळाशी पाणी! दुरुस्तीला आठवडा गेला आणि दाणा भरतेवेळी गव्हाचे पाणी चुकले. बचत शेकड्यांची झाली, नुकसान हजारांचे.

त्यामुळे बायोडिझेलमध्ये मुद्दाम पाणी मिसळून इंजिन चालविण्याचे प्रयोग होतात असे वाचले, तेव्हा प्रथम संतापच आला. पुढे अधिक वाचले, आणि कळले की पाणी पाण्यासारखे नसते.

आईला लोणी कढविताना पाहिले आहे ना? लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असते. पण ते डोळ्यांना दिसत नाही, कारण स्निग्धांशात त्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकून बसलेले असतात. कढ लागला की तेच पाणी तडतडते. प्रयोगशाळेतील मिश्रणही असेच असते. तेल आणि पाणी यांना धरून ठेवणारा साबणासारखा पदार्थ घालून पाण्याचे बारीक थेंब तेलात विखुरतात. इंजिनातील उष्णतेने ते थेंब तेलाआधी उकळतात आणि फुटताना तेलाच्या थेंबाचेही तुकडे करतात. तेल हवेत चांगले मिसळते, काजळी कमी होते. शिवाय पाणी उष्णता शोषून घेत असल्याने ज्वाळेचे तापमान उतरते.

याचे महत्त्व बायोडिझेलच्या बाबतीत विशेष आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2002 साली मांडलेल्या आकड्यांनुसार शुद्ध बायोडिझेलने धुरातील कण जवळजवळ निम्म्याने घटतात, मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात. ही ऑक्साइडे तापमानावर पोसतात, म्हणून त्यांना पाण्याचा उतारा. साध्या डिझेलमध्ये असा प्रयोग फ्रान्समध्ये 'अ‍ॅक्वाझोल' या नावाने झाला. त्यात सुमारे 13 टक्के पाणी होते आणि त्यावर शहरातील बसगाड्या धावल्या.

मग आबांचे इंजिन का बिघडले? कारण ते पाणी विखुरलेले नव्हते, मोकळे होते. मोकळे पाणी तळाशी बसते, पंप व नोझल गंजविते, टाकीत जंतू वाढविते. म्हणूनच बायोडिझेलच्या मानकात किलोमागे 500 मिलिग्रॅमहून अधिक पाणी चालत नाही. आणि नीट बांधलेले मिश्रणही काही काळाने फुटते. जे मिश्रण आठवडाभर ठेवायचे आहे, ते शेतकऱ्याच्या खोपीतील पिंपात भरणे शहाणपणाचे नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पाणी हे इंधन नव्हे! ते जळत नाही. शंभर भागांत दहा भाग पाणी घातले, तर जळणारे नव्वदच भाग उरतात. पाण्याने धूर सुधारेल. पाण्याने इंजिन चालणार नाही. हा फरक न कळल्यानेच आपण फसतो. 1996 साली तामिळनाडूत रामर पिल्लईने वनस्पतींपासून पेट्रोल बनविल्याचा दावा केला, तेव्हा देश दिपून गेला होता. 2016 साली चेन्नईच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल दोषी ठरविले. तेथेही आपली कमजोरी हीच होती: चमत्कार पाहिला की हिशेब मागायचे आपण विसरतो.

आता आपल्या खानदेशाचा हिशेब. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले होते. आपल्याकडे भुईमूग आहे, सरकी आहे. मग तेच का करू नये, असे कोणी म्हणेल. परंतु आपला देश खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशातून आणतो. ताटातले तेल टाकीत ओतणे हा विकास नव्हे. मात्र कढईत वारंवार तळून काळवंडलेले तेल आहेच. ते पुन्हा तळणीस वापरू नये, गोळा करून त्याचे बायोडिझेल करावे, अशी योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली सुरू केली. भडगाव-पाचोऱ्याच्या हॉटेलांतून आणि भजी-शेवेच्या गाड्यांवरून असे तेल जमा झाले, तर आरोग्यही राखले जाईल आणि इंधनही मिळेल.

माझे मत असे की, पाणी मिसळण्याचे काम मोठ्या स्थिर इंजिनांसाठी, जेथे मिश्रण जागेवर तयार होऊन लगेच जळते आणि देखरेखीला माणूस असतो, तेथे करून पाहावे. गिरणाकाठच्या शेतकऱ्याला मात्र आधी शुद्ध तेल मिळावे, आणि विकणाऱ्याला 'यात काय आहे?' असे विचारण्याचे धैर्य मिळावे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेऊन तेल तपासावे. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी तो गावागावांत बोलत राहू. आबांच्या गव्हाचे चुकलेले पाणी परत येणार नाही. पुढच्या कोणाचे तरी चुकू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.