घरासोबत मिळणारा परवाना

परदेशात घर घ्या आणि त्यासोबत दीर्घ निवासाचा परवाना मिळवा, अशा जाहिराती आता मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांपर्यंत पोहोचल्या आहेत. जाहिरात काय देते हे मोठ्या अक्षरांत असते. देणारा देश उद्या काय काढून घेईल, हे नसते.

पोर्तुगालने २०१२ मध्ये आणि स्पेनने २०१३ मध्ये हा बाजार मांडला. पाच लाख युरोंचे घर घ्यावे आणि वास्तव्याचा हक्क मिळवावा, असा सरळ सौदा होता. मंदीत रित्या झालेल्या तिजोऱ्यांना तो सोयीचा वाटला. पुढे लिस्बनच्या तरुणाला स्वतःच्याच शहरात भाड्याची खोली परवडेना. सारा दोष या परवान्यांचा नव्हे, पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांचाही त्यात वाटा आहे. पण लोकक्षोभापुढे पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला आणि स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून योजनाच गुंडाळली.

ग्रीसने दार लावले नाही, उंबरठा मात्र उंचावला. अडीच लाख युरोंची अट अथेन्स परिसर, थेसालोनिकी आणि मोठ्या बेटांवर आठ लाखांवर, तर अन्यत्र चार लाखांवर गेली. जुन्या वास्तूंचा जीर्णोद्धार करणाऱ्यांसाठी जुनी रक्कम उरली. शिवाय असे घर पर्यटकांना अल्प मुदतीने भाड्याने देता येत नाही. दिल्यास जबर दंड होतो आणि परवानाही जातो. भाड्यातून हप्ते फेडण्याचे गणित मांडणाऱ्याने हे आधी वाचावे. दुबईचा व्यवहार त्या मानाने रोकडा आहे. वीस लाख दिरहमांच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा परवाना मिळतो, मात्र घर विकले की त्याचा आधारही जातो.

आपल्याकडील मर्यादाही ध्यानी घ्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीस वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. पती-पत्नींची मर्यादा एकत्र केली तरी एका वर्षात अथेन्स दूरच, दुबईलाही ती किंचित तोकडी पडते.

आणि भारत? परदेशात राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परकीयास येथे स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. २०१६ च्या स्थायी निवास योजनेत दहा वर्षांचा परवाना आहे. पण त्यासाठी अठरा महिन्यांत किमान दहा कोटी रुपये गुंतवून दरवर्षी वीस भारतीयांना रोजगार द्यावा लागतो. घर त्यानंतर, आणि तेही एकच. गोव्याच्या किनाऱ्यावरील जमिनीकडे डोळे लावून बसलेल्यांना हा क्रम जाचक वाटतो. लिस्बनच्या भाडेकरूला तो तसा वाटणार नाही.