जेवलात का?

वाचकहो, फिलिपिन्समध्ये घरी आलेल्या माणसाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘कुमाइन का ना बा?’ अर्थात, ‘जेवलास का?’ समोर आजी-आजोबा असले, की त्याचे रूप बदलते : ‘कुमाइन ना पो बा कायो?’ ‘का’ म्हणजे तू, ‘कायो’ म्हणजे तुम्ही. आणि ‘पो’ हा निव्वळ आदर दर्शविणारा शब्द. तेथील दुसरी रीत ‘मानो पो’. धाकट्याने वडीलधाऱ्यांचा हात हाती घ्यावा, वाकून तो आपल्या कपाळी लावावा आणि वडिलांनी आशीर्वाद द्यावा. ‘मानो’ हा हात या अर्थाचा स्पॅनिश शब्द. १८९८ पर्यंत तेथे असलेल्या स्पेनच्या सत्तेची ती खूण.

हे शिष्टाचार खरे. परंतु त्यांच्या निमित्ताने वृद्धांच्या भुकेची विचारपूस होते आणि त्यांच्या हाताला स्पर्शही होतो. वैद्यकीय दृष्टीने दोन्ही मोलाचे आहेत. वार्धक्यात आजार पुष्कळदा तापाने किंवा वेदनेने नव्हे, तर मंदावलेल्या भुकेने प्रथम जाणवतो. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्के घटले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलो, तर तपासणी करून घ्यावी.

मात्र ‘जेवलात का?’ याला ‘हो’ हे उत्तर सवयीने येते; कोणाला त्रास नको म्हणूनही येते. म्हणून ‘काय जेवलात, किती जेवलात?’ असे विचारावे आणि ताटही पाहावे. भाकरी तशीच राहून केवळ आमटीभात संपत असेल, तर दात तपासावेत. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर गिळण्याची तक्रार असू शकते.

आपण पायांना स्पर्श करून नमस्कार करतो. त्यानंतर क्षणभर हातही हाती घ्यावा. सूज, नवा कंप, सैल झालेली पकड तेव्हाच कळते. एका हातातील बळ अचानक गेले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणांस एक विनंती : घास उतरत नसेल, तर संकोचाने ‘हो’ म्हणू नका. आपल्या खऱ्या उत्तरावरच पुढचे उपचार अवलंबून असतात.