शाक आणि कुंतल

नाटककाराने रक्त आटवून एखादे वाक्य घडवावे आणि घरोघरच्या मंडळींनी ते चहात बुडवून खावे, हा प्रकार फार जुना आहे. आमच्या घरात तर वाक्यच काय, नाटकाचे नावही सुटत नाही. परवा जेवताना कन्येच्या पानातल्या मेथीत एक लांब केस निघाला. तिने तो चिमटीत धरून सर्वांना दाखवला आणि गंभीरपणे घोषणा केली, “आज अभिज्ञानशाकुंतल! शाक म्हणजे भाजी, कुंतल म्हणजे केस. आता अभिज्ञान तेवढे राहिले. केस कुणाचा?” माझ्या डोक्याकडे एक नजर टाकून मला तत्काळ निर्दोष सोडण्यात आले.

डेन्मार्कच्या राजपुत्राचीही सुटका नाही. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने त्याला मराठीत आणले. जगणे आणि मरणे यांच्यामध्ये अडकलेल्या त्याच्या स्वगतावर विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिका भरून काढल्या. आमचे चिरंजीव नरकचतुर्दशीच्या पहाटे पांघरुणातून एक हात बाहेर काढून विचारतात, “न्हावे की न न्हावे?” यावर त्यांची आई म्हणते, “ऊठ मेल्या, पाणी निवतंय!” हॅम्लेटच्या आईने एवढी तत्परता दाखवली असती, तर पाचवा अंक लिहावाच लागला नसता.

आमचे एक सोवळे स्नेही याला वाङ्मयाची विटंबना म्हणतात. पण खुद्द नाटककारांनी तरी कुठे सोवळे पाळले? शेक्सपिअरचा मर्क्यूशिओ जिवावरची जखम घेऊन पडतो आणि ‘गंभीर’ व ‘थडगे’ असे दोन्ही अर्थ असलेल्या एकाच इंग्रजी शब्दावर कोटी करतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शकार तर या शास्त्राचा आचार्यच. पळणाऱ्या वसंतसेनेला तो रामाला भ्यालेल्या द्रौपदीची उपमा देतो. रावणाच्या तावडीत कुंतीला देतो. हनुमंताकडून सुभद्रा पळवून आणतो. रामायण-महाभारताची अशी भेळ दुसऱ्या कुणी केली नसेल. ही भेळ गोड लागते याचे कारण एकच : समोरच्या प्रेक्षकाला खरी जोडपी पाठ असतात. खोटे नाणे चालायला खरे नाणे चलनात असावे लागते. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली आली. त्यांत ज्या कवींची थट्टा आहे, त्यांना वाचलेल्यालाच त्या फुलांचा खरा रंग दिसतो.

शकार हा राजाचा मेहुणा होता. आमचेही मेहुणे कमी नाहीत. भर पावसात, रस्त्याच्या मधोमध त्यांच्या उजव्या बुटाचा तळ निघाला. डाव्याचा आदल्याच आठवड्यात निघालेला. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली, खाली पाहिले आणि करुण स्वरात म्हटले, “बूट, तूसुद्धा?”

हा किस्सा मी वर्गात सांगितला. पोरे हसली, पण बुटाला हसली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, पण ‘सुद्धा’ कशाला?”

मी खडू खाली ठेवला. साऱ्या विनोदाचा जीव त्या ‘सुद्धा’त आणि साऱ्या शोकांतिकेचाही! मग तासाचा विषय बाजूला सारून मी सीझर सांगितला. कटवाल्यांचे वार सोसणारा तो पुरुष, त्या हातांत ब्रूटसचा हात दिसल्यावर लॅटिनमधले तीन शब्द उच्चारून कसा कोसळला, इथवर आलो तेव्हा वर्गात कुणी हलेना. एवढ्यात मागच्या बाकावरून, स्वतःच्या चपलेकडे पाहत, कुणीतरी हळूच म्हणाले, “चप्पल, तूसुद्धा?” यावर जे हसू फुटले, ते मात्र बुटाचे नव्हते. त्यात ब्रूटस होता.

म्हणून वाचकहो, मुले थोरांच्या वाक्यांची मोडतोड करतात याची मला भीती वाटत नाही. त्यांना मोडायला वाक्येच उरली नाहीत तर काय, याची वाटते. या दिवाळीत फराळाची ताटे मध्ये ठेवून एखाद्या नाटकाचा एक अंक घरात मोठ्याने वाचा. देवलांची ‘शारदा’ घ्या, गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ घ्या. वाचताना कुणाच्या डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाक्याची कुणी चकली केली, तर रागावू नका. वाक्य घरात मुक्कामाला आले असे खुशाल समजा.