बरं झालं, हे ठरवणार कोण?

"गोळ्या वेळेवर घेतो ना? मग झाला की बरा!" आमच्या एका साथीदाराबद्दल आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकलं. खरं सांगायचं तर आम्हीही ते बोललो आहोत.

दोन वर्षांपूर्वी त्याला सायकोसिस झाला. कानात आवाज यायचे, कुणीतरी मागावर आहे असं वाटायचं, झोप उडाली होती. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला (होय, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा असलेल्या घरातून!), मग दवाखाना. औषधांनी तो सावरला. औषधं सोडा असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. पण आवाज काय बोलतात, हे त्याला कुणीच विचारलं नाही. ते जातीवरून शिव्या द्यायचे, शाळेत ऐकलेल्या त्याच शिव्या. कागदावर नोंद फक्त 'भास'. जातीमुळेच आजार झाला असा आमचा दावा नाही. पण भास खोटा असला तरी शिवी खोटी नव्हती, आणि ती कुठून आली हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

आवाज आजही अधूनमधून येतात. तरी तो स्वतःला बरा म्हणतो. नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकात आवाज ऐकणारी माणसं एकत्र येऊन त्यांबद्दल मोकळेपणी बोलू लागली, तेव्हा त्यांनीही आवाज बंद होणं ही बरं होण्याची अट मानली नाही. आमच्या साथीदाराची अट वेगळीच आहे: जयंतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक परत मिळणं. आजाराआधी सात वर्षं हिशेब त्याच्याकडे होता, एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. ते पुस्तक आम्हीच काढून घेतलं, "ताण नको" म्हणून. बैठकीत तो चिडला की नजरानजर होते, "गोळी चुकली वाटतं." दुसरा कुणी तसाच चिडला तर आपण त्याला जहाल म्हणून टाळ्या देतो!

१९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी मांडलं की अस्पृश्यांचं प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच करायला हवं. हा मुद्दा आपल्याला पाठ आहे. मग ज्याने आजार भोगला, त्याच्या बरं होण्याची व्याख्या डॉक्टर, नातेवाईक आणि आपण मिळून कशी करतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ इथे आपल्यापुढे आहे. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कुणाला आज आजारी ठरवता येत नाही. आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. आपला प्रतिनिधीही स्वतः निवडता येतो. किती वस्त्यांत हे कुणी सांगितलं आहे? शिष्यवृत्तीचे अर्ज आपण विहारात बसून भरून देतो. हा कागदही तिथेच भरता येईल.

त्याने तो लिहिला आहे. प्रतिनिधी म्हणून धाकट्या बहिणीला निवडलं. पावतीपुस्तक मात्र अजून आमच्याच कपाटात आहे. रविवारी समितीची बैठक आहे, त्यात पहिला विषय हाच, आणि तो मांडणार आहे तो स्वतः.